स्ट्रॉन्शियनची मंडळी



या व्यासपीठावरून राज्यघटना, संतवाङ्मय, अर्थकारण असे भारदस्त विषय ऐकण्याची आपणांस सवय आहे. आम्ही मात्र आज स्कॉटलंडमधील एका आडगावच्या ख्रिस्ती मंडळीची हकीकत सांगण्यासाठी उभे आहोत. विषय कळविला तेव्हा चिटणिसांनी जरा चाचरतच विचारले, "याचा आपल्याशी संबंध काय?" संबंध थोडाफार आहे, आणि तो ओघात येईलच. पण तो नसता तरी आम्ही ही हकीकत सांगितलीच असती. आम्ही ख्रिस्ती नव्हेत. तेव्हा त्या पंथाची तरफदारी करण्याचे आम्हांला कारण नाही आणि त्याची निंदा करण्याचेही नाही. ज्यांच्या नावावर वीतभर जमीन नव्हती, अशा कुळांनी आपला धर्मोपदेशक आपण निवडू असा हट्ट धरला आणि जमिनीच्या मालकाला न जुमानता तो शेवटास नेला, एवढ्यासाठीच ही गोष्ट आम्हांला मोलाची वाटते.

गावाचे नाव स्ट्रॉन्शियन. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर समुद्राचा एक लांब, अरुंद फाटा डोंगरांत शिरला आहे. त्याला लॉख सुनार्ट म्हणतात. आपल्या कोकणातील एखादी खाडी डोळ्यांसमोर आणा, तिच्यावर थंडी, धुके आणि बारमाही पाऊस घाला, म्हणजे चित्र पुरे झाले. हे नाव आपण कदाचित ऐकले नसेल, परंतु या गावाची एक वस्तू आपल्या घरात येऊन गेली आहे. दिवाळीच्या दारूकामात जो लालभडक रंग फुलतो, तो स्ट्रॉन्शियम या धातूच्या क्षारांचा. या गावाजवळच्या शिशाच्या खाणीतील एका खनिजात काही नवे द्रव्य आहे हे १७९० मध्ये ओळखले गेले. १८०८ साली हंफ्री डेव्हीने ते मूलद्रव्य वेगळे काढले, आणि गावावरून त्याचे नाव पडले. रसायनशास्त्राच्या पुस्तकात हे गाव अजरामर झाले ते असे. आम्हांला त्याची कीर्ती निराळ्या कारणासाठी सांगावयाची आहे.

गावचे लोक गेलिक भाषा बोलणारे. थोडी खडकाळ जमीन, तीत बटाटे, चार गुरे, मासेमारी आणि खाण चालू असेल तेव्हा खाणीतली मजुरी, एवढ्यावर त्यांचे पोट चाले. जमीन सारी सर जेम्स रिडेल या एका मालकाची. कुळांना कायमपणाचा हक्क असा नव्हता. मालकाची मर्जी फिरली की बिऱ्हाड उचलावे लागे. त्या काळी स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात मेंढरांच्या कुरणांसाठी खेडीच्या खेडी उठविली जात होती. तेव्हा मालकाला नाराज करणे म्हणजे काय, हे तेथल्या लहान पोरालाही सांगावे लागत नसे.

आता त्यांचा पंथ. प्रेस्बिटेरियन हा शब्द ग्रीक आहे. त्याच्या मुळाशी 'वडील' हा अर्थ आहे. या पंथात बिशप नाही. मंडळीतून निवडलेले वडील आणि पाळक मिळून गावच्या मंडळीचा कारभार पाहतात. अनेक गावांची मिळून एक प्रेसबिटरी, तिच्यावर सिनड, आणि सर्वांवर एडिंबरोला दरवर्षी भरणारी महासभा. म्हणजे ग्रामपंचायतीपासून विधिमंडळापर्यंतची उतरंडच म्हणा ना! १५६० च्या धर्मसुधारणेपासून हा विचार तेथे रुजत गेला आणि १६९० मध्ये तो राज्याचा मान्य पंथ ठरला. मात्र १७१२ साली पार्लमेंटने एक कायदा करून त्यात पाचर मारली. गावच्या पाळकाचे नाव सुचविण्याचा अधिकार गावाला नव्हे, तर त्या भागातल्या जमीनदाराला किंवा सरकारला मिळाला. वडिलांची निवड मंडळीने करावी आणि पाळक मात्र वाड्यावरून यावा, असा हा प्रकार होता.

शंभर वर्षे कुरकुर चालली, काही मंडळ्या फुटून निघाल्या. शेवटी १८३४ साली महासभेने ठराव केला की, मंडळीतील बहुसंख्य कुटुंबप्रमुख नको म्हणतील तर तो पाळक लादता येणार नाही. (कुटुंबप्रमुख म्हणजे पुरुषच. देवळात बायका अधिक आणि मत पुरुषांचे, हा न्याय केवळ आपल्याकडचा नव्हे!) त्याच वर्षी ऑक्टरार्डर गावी कसोटी लागली. तेथे ३३० कुटुंबप्रमुखांपैकी पावणेतीनशेंहून अधिक जणांनी नको म्हटले. पसंतीची सही करणारे गावकरी निघाले अवघे दोन. प्रकरण कोर्टात गेले. १८३८ मध्ये एडिंबरोच्या न्यायालयाने आणि १८३९ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल दिला की, पाळक सुचविणे हा जमीनदाराचा दिवाणी हक्क आहे. लोकांच्या नापसंतीने त्याला बाध येत नाही.

या निकालाचा अर्थ काय होता, हे मार्नॉक गावी दिसले. दिवस २१ जानेवारी १८४१, चोहीकडे बर्फ. जॉन एडवर्ड्स नावाच्या गृहस्थाला तेथे पाळक म्हणून बसवावयाचे होते. सुमारे ३०० कुटुंबप्रमुखांपैकी २६१ विरुद्ध. अनुकूल सही एकट्या खानावळवाल्याची. आलेल्या धर्माधिकाऱ्यांची जेवणाची सोय त्याच्याकडेच होती, असे सांगतात. तेव्हा त्याची अडचण आपण समजू शकतो. त्या दिवशी चर्च खच्चून भरले होते. गावकऱ्यांच्या बाजूने एक निषेधपत्र वाचले गेले. मग म्हातारेकोतारे उठले, आपापली बायबले त्यांनी बाकांवरून उचलली आणि सारी मंडळी मुकाट्याने बाहेर बर्फात जाऊन उभी राहिली. आत पाळकाची स्थापना झाली, पण त्याच्यापुढे मंडळीच उरली नव्हती. इतिहासाच्या पुस्तकांत १८४३ च्या फुटीला अधिक पाने मिळतात; आमच्या मते ती फूट खरोखर झाली ती त्या बर्फात.

१८ मे १८४३ रोजी एडिंबरोच्या सेंट अँड्र्यूज चर्चमध्ये महासभा भरली. मावळते सभापती डेव्हिड वेल्श यांनी निषेध वाचून दाखविला, राणीच्या प्रतिनिधीला लवून नमस्कार केला आणि ते दाराकडे निघाले. त्यांच्यामागून पाळकांची रांग निघाली आणि उतारावरून चालत टॅनफील्ड नावाच्या सभागृहात शिरली. तेथे टॉमस चामर्स यांच्या अध्यक्षतेखाली फ्री चर्च स्थापन झाले. सुमारे १,२०० पाळकांपैकी साडेचारशेंहून अधिक जण बाहेर पडले. पगार, राहते घर, घरामागचे शेत, सारे त्या दिवशी सुटले. चामर्स यांनी आधीच हिशेब मांडून ठेवला होता: प्रत्येक घराने आठवड्याला एक पेनी द्यावी, ती सारी एका ठिकाणी जमावी आणि श्रीमंत शहराच्या पाळकाला व दरिद्री खेड्याच्या पाळकाला त्यातून सारखाच वाटा जावा. ही योजना नसती तर फ्री चर्च हे चार शहरांतील वकील-व्यापाऱ्यांचे चर्च होऊन बसले असते, आणि खेड्यांत त्याचे नावही उरले नसते.

स्ट्रॉन्शियनमध्ये सरकारी चर्च होते. डोंगराळ मुलुखासाठी पार्लमेंटने मंजूर केलेल्या पैशातून, प्रसिद्ध इंजिनिअर टॉमस टेलफर्ड यांच्या देखरेखीखाली, जी ३२ चर्चे १८२० नंतरच्या वर्षांत बांधली गेली त्यांपैकी ते एक. चर्च आणि पाळकाचे घर मिळून १,५०० पौंडांची खर्चाची मर्यादा सरकारने घातली होती. हा आकडा ध्यानात असू द्या. १८४३ नंतर गावातील बहुतेक लोकांनी या पक्क्या, नव्या इमारतीकडे पाठ फिरविली आणि ते फ्री चर्चचे झाले. मग त्यांनी सर जेम्स रिडेल यांच्याकडे अर्ज केला: आम्ही आमच्या खर्चाने चर्च बांधतो, आम्हांला फक्त जागा द्या.

उत्तर आले, नाही.

सर जेम्सवर अन्याय करावयाचा नाही. प्रस्थापित चर्च मोडू पाहणाऱ्या संस्थेला हात देणे हे आपल्या तत्त्वाविरुद्ध आहे, अशी त्यांची भूमिका होती. आणि आपली जमीन कोणाला द्यावी, हे ठरविण्याचा त्यांचा कायदेशीर हक्क होता. त्यांना ते मनापासून पटतही असेल. परंतु मैलोगणती मुलूख एकाच मालकाचा असतो, तेव्हा 'माझ्या जागेत नको' याचा अर्थ 'कोठेच नको' असा होतो. हा एकटा मालकही नव्हता. कॅनन्बी येथे ड्यूक ऑफ बक्लू यांनी जागा नाकारली, तेव्हा लोक सरकारी हमरस्त्यावर उभे राहून प्रार्थना करीत. एग बेटाच्या पाळकाला बेटावर घर मिळेना, म्हणून तो एका लहानशा गलबतातच राहू लागला. भूगर्भशास्त्रज्ञ आणि संपादक ह्यू मिलर याने त्या गलबतावर काही दिवस काढले आणि तो प्रवास लिहून ठेवला.

स्ट्रॉन्शियनची मंडळी उघड्यावर जमू लागली. डोंगराच्या उतारावर, पावसात, बर्फात, घोंगड्या पांघरून. त्यांची उपासना थोडक्यात आटोपणारी नव्हे. गेलिक भाषेतील स्तोत्रे वाद्याविना गायची. एकाने ओळ सांगायची आणि साऱ्यांनी ती आपापल्या सुरात ओढून घ्यायची; मग दीर्घ प्रार्थना, मग दीर्घतर प्रवचन. कीर्तनात बुवांच्या मागे धृपद धरणारे टाळकरी आपण ऐकले आहेत. पण भिजल्या अंगाने, गारठलेल्या वाऱ्यात तीन तीन तास धृपद धरणे कसे असेल, याची कल्पना करून पाहावी. आणि हे दोन-चार रविवार नव्हे, तीन हिवाळे.

त्यानंतर जी युक्ती निघाली तिचे श्रेय नेमके कोणा एकाला देण्याच्या भरीस आम्ही पडत नाही. जमीन सर जेम्सची होती, पण खाडीच्या पाण्यावर त्यांची मालकी चालत नव्हती. पाण्यावर नांगर टाकायला कुणाच्या परवानगीची गरज ती काय? वर्गणी झाली. क्लाइड नदीवर पोर्ट ग्लासगोच्या गोदीत लोखंडाचे एक तरंगते चर्च बांधावयास दिले. खाली गलबताचा सांगाडा आणि वर लांबट घर, आत बाके, आत व्यासपीठ, नोहाच्या तारवासारखे. खर्च आला १,४०० पौंड, म्हणजे सरकारच्या त्या १,५०० पौंडांहून थोडा कमीच. १८४६ च्या उन्हाळ्यात हे चर्च समुद्रातून ओढत आणून लॉख सुनार्टमध्ये किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर नांगरले गेले. आत सुमारे ७५० माणसे बसत.

रविवारी सकाळी दोन्ही तीरांवरून होड्या निघत. दूरच्या वस्त्यांतील माणसे डोंगर तुडवून किनाऱ्याला येत आणि पाळीपाळीने पलीकडे नेली जात. दर शंभर माणसांमागे ते गलबत इंचभर पाण्यात खाली बसे, असे सांगतात. त्यामुळे बाहेरून आलेल्या पाळकाचे प्रवचन लोकांना कितपत ओढते, हे किनाऱ्यावरूनच मोजता येई! आमच्या व्याख्यानमालेने अशी काही सोय करून घेतली, तर कित्येक वक्त्यांची झोप उडेल. आमची तर खासच.

परंतु ज्या वर्षी हे चर्च आले, त्याच वर्षी, १८४६ च्या शरदात, बटाट्यावर रोग पडला. आयर्लंडमध्ये आदल्या वर्षी आलेला हा रोग आता स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलुखात पोचला. ज्यांचे अन्नच बटाटा, त्यांच्या शेतांत काळा चिखल उरला. गेल्या उन्हाळ्यात चर्चसाठी वर्गणी निघाली होती, आता चुलीचा प्रश्न आला. येथे फ्री चर्चच्या पदरात एक गोष्ट नि:संकोच टाकली पाहिजे. सरकार चौकश्या करीत होते तोवर त्यांनी गावोगावच्या पाळकांकडून माहिती गोळा केली आणि मदत सुरू केली. पाळकांना बेटाबेटांवर नेण्यासाठी ठेवलेले 'ब्रेडालबेन' हे जहाज आता पीठ वाहू लागले. आणि ते पीठ आपल्या पंथाचा कोण, परका कोण, हे न विचारता वाटले गेले. रोमन कॅथलिक वस्त्यांनाही मिळाले. आठवड्याच्या पेनीसाठी घरोघर जाणाऱ्या माणसांनाच कोणाच्या घरी काय नाही, हे आधी ठाऊक होते. वर्गणीच्या वह्या दुष्काळात अशा कामास आल्या.

याच १८४६ सालचे दुसरे पानही उलटले पाहिजे, नाहीतर आम्ही एकतर्फी बोललो असे होईल. स्थापनेनंतर फ्री चर्चने अमेरिकेत मदत मागितली होती आणि दक्षिणेकडील, गुलाम बाळगणाऱ्या संस्थानांतील मंडळ्यांकडून सुमारे ३,००० पौंड घेतले होते. स्वतः गुलामगिरीतून निसटलेला फ्रेडरिक डग्लस त्या वर्षी स्कॉटलंडभर फिरला आणि 'पैसे परत करा' हीच एक मागणी त्याने सभासभांतून गर्जून सांगितली. ते पैसे परत गेले नाहीत. पुढाऱ्यांनी पुष्कळ स्पष्टीकरणे दिली. आम्हांला त्यांतले एकही पटत नाही. सदसद्विवेकाच्या स्वातंत्र्यासाठी घर सोडणाऱ्यांनी माणसांच्या विक्रीचा पैसा पेटीत ठेवून घ्यावा, याला दुसरे नाव नाही.

आणि आता आपला संबंध. १८४३ ची फूट समुद्र ओलांडून इकडेही आली. हिंदुस्थानातील सारे स्कॉटिश मिशनरी फ्री चर्चच्या बाजूला गेले. ज्यांच्या नावाने मुंबईचे विल्सन कॉलेज आहे ते जॉन विल्सन त्यांतलेच, आणि ज्यांच्या नावाने नागपूरचे कॉलेज आहे ते स्टीफन हिस्लॉप फ्री चर्चतर्फेच १८४५ च्या सुमारास नागपुरास आले. मुंबईत त्याच १८४३ साली नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत, वय बाराच्या आसपास, मिशनऱ्यांच्या घरी राहू लागला, तेव्हा वडिलांनी न्यायालयात धाव घेतली. न्यायालयाने मुलगा बापाच्या स्वाधीन केला. त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले आणि त्यापायी त्यांनी स्वकीयांचा रोष ओढवून घेतला. एडिंबरोत जे लोक 'आमच्या मनावर सक्ती नको' म्हणून रस्त्यावर उतरले होते, त्यांच्याच बांधवांच्या दाराशी मुंबईत एक बाप आपले अजाण पोर मागत उभा होता. दोन्ही गोष्टी एकाच वर्षीच्या. आम्ही त्या शेजारी ठेवतो. त्यांची वजाबाकी करीत नाही.

नारायण शेषाद्री पुढे पाळक झाले, जालन्यास गेले आणि तेथे मुख्यतः महार-मांग समाजातील माणसांची मंडळी उभी राहिली. तिच्यासाठी त्यांनी जालन्याजवळ बेथेल नावाचे गाव वसविले. त्याची जमीन मिळाली निजामाचे दिवाण सर सालार जंग यांच्याकडून. ज्या चर्चला स्कॉटलंडमध्ये त्याच धर्माच्या जमीनदाराने कोपराएवढी जागा दिली नाही, त्याला मराठवाड्यात मुसलमान राज्याने गाव वसविण्यापुरती जमीन दिली! तेथल्या लोकांनाही पूर्वी गावकुसाच्या आत जागा नव्हतीच. स्ट्रॉन्शियनच्या कुळाला बेथेलच्या माणसाचे दुःख अर्धे तरी कळले असते. अर्धेच म्हणतो, कारण त्या कुळाच्या सावलीचा कोणी विटाळ मानीत नव्हते.

तिकडे जागा नाकारण्याचा हा प्रकार इतका गाजला की, १८४७ मध्ये हाउस ऑफ कॉमन्सने त्याच्या चौकशीसाठी समिती नेमली. लहान लहान कुळांची गाऱ्हाणी छापील कागदावर आली, आणि बड्या मालकांना उघड्यावरच्या प्रार्थनांविषयी जाब द्यावा लागला. त्यानंतर हट्ट हळूहळू सैलावले. ज्या १७१२ च्या कायद्यावरून एवढे रामायण घडले तो पार्लमेंटने १८७४ मध्ये रद्द केला. आणि १८८६ मध्ये डोंगराळ भागातील कुळांना जमिनीवर कायमपणाचा हक्क मिळाला. तो हक्क फ्री चर्चने मिळवून दिला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. त्याच्या कित्येक पाळकांनी लोकांना सबुरीच शिकविली. पण एकत्र बसणे, अर्ज लिहिणे, सही करणे आणि 'नाही' हे उत्तर ऐकूनही घरी न जाणे, याचा सराव मात्र या मंडळ्यांतून झाला होता.

पुढचा इतिहास फारसा उज्ज्वल नाही, म्हणून लवकर सांगून टाकतो. १९०० साली फ्री चर्च दुसऱ्या एका प्रेस्बिटेरियन चर्चशी एक झाले. मूठभर लोक, त्यांत डोंगराळ भागातले पुष्कळ, या ऐक्याला तयार नव्हते. त्यांनी दावा लावला आणि १९०४ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने सगळी मालमत्ता त्या मूठभरांच्या पदरात टाकली. १९०५ मध्ये खास कायदा करून तिची वाटणी करावी लागली. ज्यांचे आजे सर्वस्व सोडून बाहेर पडले, त्यांचे नातू इमारतींसाठी वकिलांच्या दाराशी बसले. १९२९ मध्ये बहुतेक सारे परत जुन्या राष्ट्रीय चर्चमध्ये मिळाले.

त्या लोखंडी चर्चचे काय झाले, हे विचारल्याशिवाय आपण आम्हांला सोडणार नाही. १८४७ साली एका वादळाने नांगराचे साखळदंड तुटले आणि भरतीच्या लाटांनी ते गलबत किनाऱ्यावर चढविले. फुटले नाही, कलंडलेही नाही. ते जेथे लागले तेथेच त्यात उपासना सुरू झाली, आणि जमिनीवर चर्च बांधायला जागा मिळेपर्यंत वर्षानुवर्षे चालू राहिली. फरक एवढाच झाला की, आता लोकांना होडीची गरज उरली नाही. रविवारी सकाळी ते चालत येऊ लागले.